एसीएल पूर्ण फाटल्यावर शस्त्रक्रियेविना पुनर्वसन: निर्णय कसा घ्यावा?

क्रीडाशिक्षक_सिडको

नमस्कार. माझी भाची १९ वर्षांची असून महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळते. गेल्या महिन्यात सरावात चढाई करून मध्यरेषेकडे परतताना तिने एकदम दिशा बदलली. डावा पाय मॅटवर जागीच राहिला, शरीर मात्र वळले. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आल्याचे ती स्वतःच सांगते. तासाभरात गुडघा टम्म सुजला आणि तिला पाय टेकवेना. एमआरआयच्या अहवालात एसीएल (गुडघ्याच्या आत हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, म्हणजे लिगामेंट) पूर्ण फाटल्याचे, एमसीएल या आतल्या अंगाच्या लिगामेंटला दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे अर्धवट फाटण्याची, इजा झाल्याचे आणि दोन्ही गाद्या, म्हणजे मेनिस्कस, शाबूत असल्याचे नोंदवले आहे.

आम्ही दोन ठिकाणी सल्ला घेतला. एका ठिकाणी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख सुचवण्यात आली. दुसऱ्या ठिकाणी तीन महिने पद्धतशीर व्यायाम करून मग निर्णय घ्या, असे सांगितले. घरात आता दोन तट पडले आहेत. माझ्या बहिणीला शस्त्रक्रिया नकोच आहे, तर मेव्हण्यांचे म्हणणे असे की फाटलेले शिवल्याशिवाय जोडले जाणार नाही, तेव्हा उगाच वेळ का घालवायचा. मुलीला पुन्हा खेळायचे आहे, हे तिने स्पष्ट सांगितले आहे.

शस्त्रक्रियेविना पुनर्वसन म्हणजे प्रत्यक्षात काय करतात, ते कोणाला लागू पडते आणि त्यात धोका कोणता, हे जाणकारांनी आणि या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया लिहावे.

गोदाकाठ_फिजिओ

सर, आपण माहिती नेमकी दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी नाशिकमध्येच फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. प्रत्यक्ष तपासणीशिवाय भाचीच्या गुडघ्याविषयी निर्णय देणे योग्य नाही, पण तो निर्णय कोणत्या गोष्टींवर ठरतो ते सविस्तर लिहिते.

‘ऑपरेशन नको’ याचा अर्थ घरोघरी ‘विश्रांती घ्या, आपोआप बरे होईल’ असा घेतला जातो आणि सगळे नुकसान तिथूनच सुरू होते. गुडघ्याला पट्टा बांधून महिनाभर पलंगावर पाय ठेवला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने वाळतो, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि मूळ दुखापतीपेक्षा हा अशक्तपणाच रुग्णाला अधिक छळतो. शस्त्रक्रियेविना उपचार हा तितक्याच शिस्तीचा, महिनोन्‌महिने चालणारा आणि टप्प्याटप्प्यावर मोजमाप होणारा उपचार आहे. मोजमाप होत नसेल, तर त्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

आता दोन्ही लिगामेंटांविषयी. एमसीएल गुडघ्याच्या आतल्या अंगाला, सांध्याच्या पोकळीच्या बाहेर असते आणि त्याला रक्तपुरवठा चांगला असतो. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या, आणि पुष्कळदा एकट्याने झालेल्या तिसऱ्या श्रेणीच्याही इजा हिंज (बिजागरी) असलेल्या ब्रेसमध्ये, म्हणजे आधारपट्ट्यात, योग्य भार देत, शस्त्रक्रियेविना भरून येतात. एसीएलचे तसे नाही. ते सांध्याच्या आत असते. तिथल्या द्रवामुळे फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि टोके सांधली जाण्याची शक्यता कमी होते. कमी होते, शून्य होत नाही. याविषयी कोणी विचारले तर पुढे लिहीन.

मग एसीएल नसताना गुडघा चालतो कसा? नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघ्याला अवाजवी पीळ बसू न देणे ही एसीएलची मुख्य कामे. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू नडगीला मागे ओढतो, म्हणून त्या कामाचा काही भाग तो उचलू शकतो. एसीएलमध्ये मज्जातंतूंची टोकेही असतात आणि सांधा कोणत्या स्थितीत आहे याची वर्दी ती मेंदूला देतात. लिगामेंट फाटले की ही वर्दी तुटते. म्हणून नुसती ताकद वाढवून भागत नाही. अचानक धक्का बसला, पायाखालची जमीन हलली, तर स्नायूंनी क्षणात आवळून धरावे, याचे वेगळे प्रशिक्षण द्यावे लागते. काही जणांचे शरीर हे उत्तम शिकते आणि त्यांचा गुडघा सटकत नाही. काहींचा गुडघा मात्र पुरेसा व्यायाम करूनही सटकत राहतो. कोण कोणत्या गटात जाईल, हे एमआरआयच्या फोटोवरून कळत नाही. तीन महिने थांबण्याचा सल्ला देण्यामागे हेच कारण असते.

पहिल्या टप्प्यात तीनच गोष्टी साधायच्या असतात: सूज उतरवणे, गुडघा दुसऱ्या पायाइतका सरळ करणे आणि क्वाड्स, म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, जागा करणे. गुडघ्यात पाणी असेपर्यंत मज्जासंस्था क्वाड्सला पूर्ण जोर लावू देत नाही, म्हणून मी दर भेटीत सूज हाताने तपासते. रुग्ण पाय सरळ करून पाठीवर झोपतो. वाटीच्या आतल्या बाजूचा जो खळगा असतो, त्यातला द्रव तळहाताने दोन-तीनदा मांडीकडे वर सारायचा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवायचा. खळगा भरून आतल्या बाजूला फुगवटा उमटला, तर पाणी अजून आहे. हात न लावताच खळगा लगेच भरला, तर ते बरेच आहे आणि त्या दिवशी भार वाढवायचा नाही.

क्वाड्ससाठी पहिला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे. गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवून तो पाठच्या बाजूने खाली दाबायचा, मनात दहा अंक मोजायचे आणि सोडायचे. दाबताना वाटी मांडीच्या दिशेने वर सरकली पाहिजे. ती जागची हलत नसेल, तर रुग्ण कंबरेने जोर लावतो आहे, स्नायू अजून झोपलेलाच आहे. अशा वेळी स्नायूला विजेचे सौम्य स्पंदन देणारे यंत्र उपयोगी पडते, पण त्या स्पंदनाबरोबर रुग्णाने स्वतः आवळले पाहिजे. नुसते यंत्र लावून पडून राहण्याने काही साधत नाही. यानंतर सरळ पाय उचलणे येते. पाय उचलताना गुडघा थोडासा जरी वाकला, तरी तो उणेपणा समजून मागच्या व्यायामावर परत जायचे.

सूज बसली आणि पाय सरळ झाला की खरे काम सुरू होते: अर्ध्या बैठका, पायरी चढणे, पायरीवरून सावकाश उतरणे, पाठीवर झोपून कंबर उचलणे, लेग प्रेस, हॅमस्ट्रिंग कर्ल, पोटरीचे उचल-खाली. आठवड्यातून दोन-तीन दिवस, आठ ते बारा आवर्तनांचे दोन-तीन संच, आणि शेवटची दोन आवर्तने कष्टाची वाटतील इतके वजन. आपल्याकडे गुडघ्याच्या रुग्णाला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून महिनोन्‌महिने तोच व्यायाम करायला लावतात. ज्या मुलीला सात जणींच्या पकडीतून सुटून यायचे आहे, तिला त्याने काय होणार? दहापैकी तीन-चारपर्यंत दुखणे चालते, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली असता कामा नये.

तिसरा टप्पा तोल आणि अचानक धक्क्यांचा. एका पायावर उभे राहणे, मग डोळे मिटून, मग हलत्या फळीवर, आणि शेवटी फिजिओ न सांगता फळी कोणत्याही दिशेने हलवतो तेव्हा सावरणे. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. तिथली निवडीची कसोटी अशी की दुखापतीनंतर दैनंदिन व्यवहारात गुडघा एकापेक्षा जास्त वेळा सटकलेला नसावा, एका पायावर लंगडी घालत सहा मीटर पार करण्याच्या वेळेत दुखऱ्या पायाची कामगिरी चांगल्या पायाच्या ८० टक्के तरी असावी आणि दैनंदिन कामांच्या प्रश्नावलीतही ८० टक्के गुण असावेत. पुढे पळणे, उड्या आणि दिशाबदल येतात. खेळाकडे वळण्यापूर्वी स्नायूंची ताकद आणि उड्यांचे अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

मेव्हण्यांच्या शंकेला उत्तर म्हणून एक अभ्यास सांगते. स्वीडनमधील ‘कॅनॉन’ या चाचणीत १८ ते ३५ वयाच्या, एसीएल नव्याने फाटलेल्या १२१ सक्रिय तरुणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला लवकर शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन मिळाले. दुसऱ्याला आधी पुनर्वसन आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या गुणांकनात अर्थपूर्ण फरक नव्हता. दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी २३ जणांनी तोपर्यंत शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि पाच वर्षांपर्यंत हा आकडा ३० झाला. म्हणजे निम्म्यांच्या आसपास लोकांना ती लागलीच नाही, आणि ज्यांना लागली त्यांचे थांबल्यामुळे मोठे नुकसान झाल्याचे दिसले नाही. या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू मात्र नव्हते, हेही लक्षात घ्यावे.

सह्यवाटा

ताईंच्या प्रतिसादाबद्दल आभार. माझे एसीएल काही वर्षांपूर्वी फुटबॉल खेळताना पूर्ण फाटले. वय तेव्हा चाळिशीच्या जवळ आले होते. शस्त्रक्रिया केली नाही. आज मी ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि हरिहर नियमित चढतो. फुटबॉल मात्र कायमचा सोडला आहे.

हरिहरच्या कातळातल्या खड्या पायऱ्या गुडघ्याला जड जातील असे सगळ्यांना वाटते. माझा अनुभव वेगळा आहे. त्या पायऱ्यांवर पाय नेमक्या खोबणीत बसतो, हालचाल सरळ रेषेत होते आणि हातांना आधार असतो. त्रास होतो तो उतरणीवरच्या मुरमाड घसाऱ्यावर, जिथे पाऊल सरकते आणि त्याच क्षणी शरीर बाजूला वळते. म्हणून मी दोन काठ्या वापरतो, लहान पावले टाकतो आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या वाटा टाळतो. घोट्याच्या वरपर्यंत येणाऱ्या बुटांपेक्षा उतरताना मांडीत किती जीव उरला आहे, यावर सगळे अवलंबून असते. दमलेल्या पायांनी उतरू नये. चढताना उत्साहात शक्ती संपवून बसणारे लोक उतरताना पडतात, हे निरोगी गुडघ्यांच्या बाबतीतही मी पाहिले आहे.

सुरुवातीचे व्यायाम मी घरीच केले, नंतर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणे आणि त्रंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावात पोहणे सुरू केले. पोहताना ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मारू नका, असे मला फिजिओंनी बजावले होते, कारण त्या लाथेत गुडघ्याला पीळ बसतो. फ्रीस्टाइल चालते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. व्यायाम चार-सहा आठवडे सुटले की गुडघा लगेच डळमळीत वाटू लागतो. शस्त्रक्रियेविना राहायचे तर आठवड्याचे दोन दिवस मांडीच्या व्यायामाला कायमचे द्यावे लागतात. हे ज्यांना जमणार नाही, त्यांनी माझे उदाहरण घेऊ नये.

ऑर्थो_पंचवटी

चर्चा चांगली चालली आहे. मी अस्थिशल्यचिकित्सक आहे आणि गोदाकाठ ताईंच्या बहुतेक सर्व मुद्द्यांशी सहमत आहे. तरीही दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे यायला हवी.

‘कॅनॉन’मधले रुग्ण ताज्या दुखापतीचे होते. ब्रिटनमधील ‘एसीएल स्नॅप’ चाचणीत, जी २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली, ३१६ रुग्णांची दुखापत जुनी होती आणि गुडघा सटकण्याची तक्रार कायम होती. तिथे १८ महिन्यांनी शस्त्रक्रियेचा गट निःसंशय सरस ठरला, आणि पुनर्वसनाच्या गटातील ४१ टक्के रुग्णांनी नंतर शस्त्रक्रिया करून घेतली. माझ्या दृष्टीने दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. ताज्या दुखापतीत पुनर्वसनाला संधी द्यावी. संधी देऊनही गुडघा सटकत राहिला, तर मग व्यायामाच्या नावाखाली वर्षे काढू नयेत.

सटकणे ही किरकोळ बाब नव्हे. गुडघा प्रत्येक वेळी निसटतो तेव्हा मेनिस्कस आणि कूर्चा यांच्यावर घाव बसण्याची शक्यता असते, आणि शाबूत असलेली गादी गमावणे हे पुढच्या आयुष्यातल्या संधिवाताच्या दृष्टीने मोठे नुकसान आहे. सरांच्या भाचीची गादी आज शाबूत आहे. ती तशीच राखणे हे, कोणताही मार्ग घेतला तरी, पहिले उद्दिष्ट असले पाहिजे. शस्त्रक्रियेने संधिवात टळतोच असेही सिद्ध झालेले नाही, म्हणून ‘आत्ता केले नाही तर म्हातारपणी गुडघा जाईल’ असे सांगून कोणी घाई करत असेल, तर ते पटण्यासारखे नाही.

काही परिस्थितींत मात्र थांबू नये. गादीचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल, एकाहून अधिक लिगामेंट पूर्ण फाटून सांधा सर्व दिशांनी सैल झाला असेल, बाहेरच्या बाजूचे एलसीएल आणि त्यामागचा कोपरा तिसऱ्या श्रेणीने फाटला असेल, किंवा गादी शिवण्याजोगी फाटली असेल, तर लवकर शल्यचिकित्सकाकडे जावे. गुडघा पूर्ण निखळून परत बसला असेल, तर मागच्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. तिथे तासांचा हिशोब असतो. वाढीच्या वयातल्या मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

पहिल्याच भेटीत तारीख देण्याबद्दल इतकेच म्हणेन की सुजलेल्या, पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्यास तो आखडण्याचा धोका वाढतो. शांत झालेल्या, मांडीत ताकद असलेल्या गुडघ्यावर तीच शस्त्रक्रिया अधिक चांगली लाभते. म्हणून पुढे शस्त्रक्रिया ठरली, तरी आत्ताचा व्यायाम वाया जात नाही.

राहिला कबड्डीचा प्रश्न. चढाईपटूचे सगळे कौशल्य अचानक दिशा बदलण्यात आणि पाय पकडला गेल्यावर पीळ देऊन सुटण्यात आहे. एसीएलवाचून या खेळात स्पर्धात्मक पातळीवर परतणे मला धोक्याचे वाटते.

गोदाकाठ_फिजिओ

डॉक्टरांचा शेवटचा मुद्दा मला बहुतांशी मान्य आहे, पण एक पुस्ती जोडते. शस्त्रक्रिया केली म्हणजे खेळ परत मिळालाच, असेही गृहीत धरू नये. तिच्यानंतरही किमान नऊ महिने मैदानापासून दूर राहावे लागते आणि ताकदीच्या, उड्यांच्या त्याच कसोट्या पार कराव्या लागतात. तरुण खेळाडूंमध्ये पुन्हा इजा होण्याचे प्रमाणही लक्षणीय आहे. कधी त्याच गुडघ्याला, कधी दुसऱ्या. मुलीने तीन महिन्यांत ही शिस्त अंगी बाणवली, तर दोन्ही वाटांवर त्या शिस्तीचा तिला उपयोग होईल.

बागायतदार_दिंडोरी

आमच्याकडचा प्रकार थोडा निराळा आहे, इथे विचारले तर चालेल ना? माझ्या धाकट्या भावाची मोटारसायकल घसरली आणि वाकलेला गुडघा समोरून दगडावर आपटला. पीसीएल (एसीएलच्या मागचे लिगामेंट) फाटले आहे, बाकी सर्व ठीक आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची गरज नाही म्हणून सांगितले, ब्रेस दिला. गावातल्या एका जाणत्याने मात्र रोज तेल लावून गुडघा रगडायचा आणि टाच मागे ओढून वाकवायचा, असे सुचवले. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली आहे. मांडवाखाली दिवसभर हात वर करून उभे राहावे लागते, आणि ठिबकच्या नळ्यांसाठी उकिडवे बसावे लागते. त्याला कामावर कधी घ्यावे?

गोदाकाठ_फिजिओ

दादा, प्रश्न याच विषयातला आहे. वाकलेल्या गुडघ्यावर समोरून आघात झाला की पीसीएल फाटते, आणि एकटे पीसीएल फाटलेले असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रियेविनाच उपचार करतात. पण त्याचे व्यायाम एसीएलच्या उलट दिशेचे असतात, आणि गावातला तो सल्ला नेमका इथेच घातक ठरू शकतो. पीसीएल नडगीला मागे सरकण्यापासून अडवते. हॅमस्ट्रिंग तिला मागेच ओढतो. टाच जोर लावून मागे ओढण्याचा व्यायाम सुरुवातीच्या आठवड्यांत केला, तर भरून येऊ पाहणाऱ्या लिगामेंटवर ताण पडतो आणि ते लांबट, सैल होऊन सांधते. म्हणून आधी क्वाड्सवर भर द्यायचा, गुडघा वाकवण्याचा सराव पालथे झोपून किंवा नडगीला मागून हाताचा आधार देऊन करायचा, आणि पाठीवर झोपताना पोटरीखाली उशी ठेवायची, म्हणजे नडगी स्वतःच्या वजनाने मागे झुकत नाही. ब्रेसही नडगीला मागून पुढे ढकलणारा असावा. तो तसा आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ताज्या इजेवर रगडून मालीश कोणत्याही लिगामेंटसाठी करू नये. पोटरी दुखत असेल, सुजली असेल, गरम लागत असेल, तर अजिबात नाही. ती शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची खूण असू शकते आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

कामाविषयी: मांडवाखाली उभे राहून करायचे काम त्याला आधी जमेल, पण सपाट ओळीत आणि मध्ये बसण्याची सोय ठेवून. उकिडवे बसण्यात पीसीएलवर मोठा ताण येतो, त्यामुळे या हंगामात नळ्यांचे काम दुसऱ्या कोणाला द्यावे. जड क्रेट उचलून बांधावरून उतरणेही टाळावे. छाटणीची निकड मला समजते, पण आत्ता सैल राहिलेला गुडघा पुढच्या प्रत्येक हंगामात त्याला अडवत राहील.

इंदिरानगर_आई

माझ्या मुलाच्या एमसीएलला दुसऱ्या श्रेणीची इजा झाली होती आणि तो ब्रेस व व्यायामावर पूर्ण बरा झाला. तरीही घरातली ज्येष्ठ मंडळी त्याला मांडी घालून जेवायला बसण्याचा आग्रह करतात. मांडी घालणे, वज्रासन आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांबद्दल कोणी स्पष्ट सांगेल का? फिजिओंनी दिलेल्या इंग्रजी कागदावर यातले काहीच नव्हते.

गोदाकाठ_फिजिओ

ताई, आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. परदेशी तक्त्यांमध्ये खुर्चीवरचे जीवन गृहीत धरलेले असते. मांडी घालताना गुडघा वाकतोच, शिवाय बाहेरच्या बाजूला पडून त्याला पीळही बसतो. म्हणून दुखणे आणि सूज पूर्ण गेल्यावर, पाय दुसऱ्याइतका वाकू लागल्यावर, आधी उंच पाटावर किंवा जाड उशीवर बसून मांडी घालावी आणि हळूहळू उंची कमी करावी. वज्रासन त्याच्याही नंतर. भारतीय शौचालयासाठी नुसते बसता येणे पुरेसे नाही. हाताचा आधार न घेता उठता आले पाहिजे. तोवर वर ठेवायची खुर्ची मिळते, ती वापरावी आणि समोरच्या भिंतीला दांडा बसवून घ्यावा. वडीलधाऱ्यांना सांगा की मांडी कायमची बंद नाही, थोडी पुढे ढकलली आहे.

वाचक_नाशिकरोड

ऑस्ट्रेलियात गुडघा वाकवून ब्रेसमध्ये ठेवला की फाटलेले एसीएल आपोआप जुळते, असा व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे. यात तथ्य आहे का? असल्यास सरांच्या भाचीला ते का करू नये?

ऑर्थो_पंचवटी

तथ्य आहे, पण व्हिडिओत सांगतात तितके सरळ नाही. त्या पद्धतीला ‘क्रॉस ब्रेसिंग’ म्हणतात. गुडघा ९० अंशांत वाकवून चार आठवडे ब्रेसमध्ये पक्का ठेवतात, म्हणजे फाटलेली टोके जवळ येतात. मग दर आठवड्याला थोडी हालचाल मोकळी करत बाराव्या आठवड्यात ब्रेस काढतात. २०२३ साली ८० रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या एमआरआयमध्ये त्यांतील ९० टक्क्यांच्या एसीएलमध्ये सांधल्याच्या खुणा दिसल्या. ११ जणांना मात्र पुढे पुन्हा इजा झाली. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय पाय इतके दिवस वाकवून बांधल्यावर शिरेत गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे द्यावी लागतात. हा घरी बेल्ट आणून करण्याचा प्रयोग नव्हे. उपचार दुखापतीनंतर पहिल्या महिनाभरातच सुरू करायचा असतो, आणि भाचीची ती मुदत आता उलटत आली असावी.

एसीएल जुळू शकते याला ‘कॅनॉन’च्या रुग्णांच्या नंतरच्या पाहणीतूनही दुजोरा मिळतो. तिथे असा ब्रेस न वापरता, केवळ पुनर्वसनावर राहिलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांच्या दोन वर्षांनंतरच्या एमआरआयमध्ये सांधल्याच्या खुणा आढळल्या. आम्हाला विद्यार्थिदशेत एसीएल कधीच जुळत नाही असे शिकवले गेले होते. ते आता बदलावे लागेल.

क्रीडाशिक्षक_सिडको

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा मी बहीण आणि मेव्हणे दोघांनाही वाचायला दिला. तीन महिन्यांचे पुनर्वसन आता सुरू करायचे आणि त्या काळात गुडघा सटकला किंवा कसोट्या पार झाल्या नाहीत, तर शस्त्रक्रिया करून घ्यायची, यावर घरात एकमत झाले आहे. पुढच्या हंगामात ती मैदानात उतरणार नाही, हे तिने स्वतः संघाच्या प्रशिक्षकांना कळवले. तीन महिन्यांनंतर कबड्डीचा हट्ट कायम राहिला, तर ऑर्थो सरांचा सल्ला आम्ही पुन्हा घेऊ.

दोन व्यावहारिक शंका आहेत. फिजिओ निवडताना काय पाहावे? आणि तिला महाविद्यालयात ॲक्टिव्हावरून जायचे आहे, ते कधी सुरू करावे?

गोदाकाठ_फिजिओ

फिजिओ पदवीधर असावा आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणीकृत असावा. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. पहिल्या भेटीत त्याने दोन्ही मांड्यांचा घेर, गुडघा किती सरळ होतो व किती वाकतो हे मोजून लिहून ठेवले का, ते पाहा. सगळा वेळ शेकण्यात आणि यंत्रे लावण्यात जात असेल, व्यायाम मात्र शेवटची पाच मिनिटे होत असतील, तर दुसरीकडे जा. रोज बोलावण्याची गरज नसते. आठवड्यातून एक-दोनदा तपासून घरचा व्यायाम पुढे नेणारा फिजिओ उत्तम.

गाडीबद्दल: ॲक्टिव्हाचे ब्रेक हातात असले, तरी सिग्नलला आपण डावा पाय टेकतो आणि तिचा दुखरा गुडघा डावाच आहे. गाडी कलंडू लागली तर सगळे वजन क्षणात त्याच पायावर, तेही पीळ पडून येईल. म्हणून ब्रेसशिवाय ती न लंगडता चालू लागली, डाव्या पायावर अर्धा मिनिट न डगमगता उभी राहू लागली आणि कठड्याला न धरता जिना उतरू लागली, तरच गाडी हाती द्यावी. सुरुवात कॉलनीतल्या रिकाम्या रस्त्यावर करावी, द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या गर्दीत नाही. डबल स्टँड तिने लावू नये. मागे कोणाला बसवूही नये. जिना उतरतानाचा तिचा एक व्हिडिओ समोरून आणि एक बाजूने काढून फिजिओला दाखवा. उतरताना गुडघा आतल्या बाजूला झुकत असेल तर तो त्यात लगेच दिसतो, आणि गाडीच्या आधी ते दुरुस्त करावे लागेल.